बेदाणे आणि व्हॅल्यू बेट

पोकरमध्ये 'आपली जोडी चांगली असली तरी रिव्हरला (शेवटचं, पाचवं पान उघडल्यावर) चेकच करावं (काही न लावता पुढे जावं), उगाच पैसे कशाला घाला' हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. तिथे व्हॅल्यू बेट हवी, म्हणजे कमजोर हातवाल्याने पैसे भरावेत म्हणून लावलेली बोली.

आमच्याकडे सांगलीत दिवाळीत घरचेच बसतो, चिप्स म्हणून तासगावचे बेदाणे. (धाकटे काका भांडवल खातात, तो भाग वेगळा.) परवा माझ्या हातात एक्का-राजा. पटावर सगळ्यांच्या सामाईक पानांत राजा, नव्वी, सत्ती, चौकी, दुर्री. फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) नाही, स्ट्रेट (ओळीने पाच) नाही. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) 40 बेदाणे. मी चेक केलं, काकांनीही केलं. उघडलं तर त्यांच्याकडे राजा-दश्शी! वीस लावले असते तर त्यांनी डोळे झाकून दिले असते, काका पान सोडणाऱ्यातले नाहीतच.

इथे हिशोब फक्त कॉल करणाऱ्या (माझ्या बोलीइतकं भरणाऱ्या) हातांचा. जो पत्ते टाकणार तो मोजायचाच नाही. दोन राजे शिल्लक, राण्या चार, म्हणजे राजा-राणीचे 2×4 = 8 हात. गुलाम आणि दश्शीचेही तेवढेच. हे 24 मी मारतो. मला मारणारे मुख्यतः राजा-नव्वीचे 6 आणि चार ट्रिपांचे (हातात नव्वी, सत्ती, चौकी किंवा दुर्रीची जोडी, पटावरची धरून तीन) मिळून 12. 24 विरुद्ध 18, म्हणजे निम्म्याहून जास्त कॉल माझ्याकडून हरणाऱ्या हातांचे, मग लावायचंच. समोर काकांसारखा गडी असेल तर वीस नाही, तीस. पण तेच काका उलटून रेझ करतील (बोली वाढवतील) तर मी गपचूप पत्ते टाकीन. बारा वर्षांत त्यांनी थाप मारलेली मी पाहिलेली नाही.