तक्रार नाही, साधी चौकशी आहे! कंपनी ईमेलला उत्तरच देत नाही, काय करावं?

मंडळी, मदत हवी आहे.

आमच्याकडे समोरून दार असलेलं वॉशिंग मशिन आहे. चार वर्षांपूर्वी सांगलीत दुकानातून घेतलेलं, वॉरंटी केव्हाच संपली. दाराभोवतीचं रबर खालच्या बाजूला फाटलंय आणि दर धुण्याला वाटीभर पाणी फरशीवर येतं. नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, "काका, डुप्लिकेट उद्या बसवतो, पण टिकायची खात्री देत नाही. ओरिजिनल कंपनीकडूनच मागवा."

म्हणून कंपनीला ईमेल केला. दोन मिनिटांत पोच आली, तिकीट नंबरसकट. मी खूश. चौथ्या दिवशी निरोप: आपलं तिकीट बंद केलं आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल? कसली सेवा? त्याच पोचेला उत्तर म्हणून पुन्हा विचारलं. काही नाही. तिसरा मेल जरा तिखट लिहिला आणि वेबसाइटवर सापडले तेवढे सगळे पत्ते सीसीत घातले. तरी शुकशुकाट.

फोन केला तर बाई अगदी गोड बोलतात, पण प्रश्न काहीही विचारा, उत्तर एकच: "सर, टेक्निशियनची व्हिजिट बुक करू का?" व्हिजिटचे साडेपाचशे. रबर मिळतं की नाही, ते तो येऊन बघून सांगणार. म्हणजे 'आहे' की 'नाही' एवढं ऐकायला साडेपाचशे रुपये! मारुती रोडवरचा कुठलाही दुकानदार हे फोनवर फुकट सांगतो.

कंपनीनं मला फसवलं असतं तर ग्राहक मंचात गेलो असतो. पण मला भांडायचंच नाहीये, एक वस्तू विकत घ्यायची आहे. अशा वेळी उत्तर कसं मिळवायचं? कुणाला यश आलंय का?

प्रतिसाद १
दुसरा मेल ज्या पत्त्यावर गेला तो नीट बघा. पोच बहुतेक 'नो-रिप्लाय' पत्त्यावरून येते, तिथे पाठवलेलं कुणी वाचत नाही. आणि पहिला मेल जमला तर इथे टाका.

धागाकर्ता
अरे देवा. नो-रिप्लायच आहे. पहिला मेल इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा: "मी आपला जुना ग्राहक असून आपल्या कंपनीवर माझा विश्वास आहे. गेल्या महिन्यात पाहुणे आले असताना मशिनमधून पाणी येऊ लागले…" पुढे तीन परिच्छेद, शेवटी रबराचं विचारलंय. सोबत आठ फोटो.

प्रतिसाद २
काका, राग मानू नका, यात प्रश्न शोधावा लागतोय! मी एका कंपनीच्या (तुमच्या नव्हे) ग्राहकसेवेत तीन वर्षं काढली आहेत. समोरचा माणूस विषयाची ओळ आणि पहिल्या दोन ओळी वाचून मेल कुठल्या रांगेत ढकलायचा ते ठरवतो. "पाणी येतं" हे शब्द दिसले की तुम्ही दुरुस्तीच्या रांगेत. तिथून फोन लावतात, तो उचलला नाही की तिकीट बंद. अनोळखी नंबर म्हणून तुम्ही एखादा कॉल कापला असेल, आठवून बघा. आणि दहा पत्ते सीसीत घातले की प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी बघेल.

नवा मेल पाठवा, जुन्याला जोडून नको. विषय: "सुट्या भागाची चौकशी – दाराचं रबर – मॉडेल अमुक". मजकूर चारच ओळी: मॉडेल आणि सिरियल नंबर (दार उघडलं की आतल्या कडेला स्टिकर असतो), भाग मिळतो का, किंमत काय, सांगलीत कुणाकडे. "दुरुस्ती नको, फक्त भाग हवा आहे" हे स्पष्ट लिहा. फोटो एकच, स्टिकरचा. पाहुण्यांना वगळा :)

प्रतिसाद ३
वरचं सगळं बरोबर, पण पाठवायचा कुठे हेही महत्त्वाचं. कंपनी स्वतःच्या वेबसाइटवरून माल विकत असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क तिथे द्यावाच लागतो. पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात सापडेल. त्या अधिकाऱ्यानं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची असा नियम आहे. तुम्ही दुकानातून घेतलंय, त्यामुळे तुमच्या बाबतीत ४८ तासांवरून वाद घालू नका, पण पत्ता उपयोगी आहे.

दुसरं, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलंय. घरगुती उपकरणांच्या कंपन्याही त्यात आहेत, सुटे भाग आणि सर्व्हिस सेंटरची माहिती एका जागी मिळावी हाच हेतू. तुमची कंपनी आहे का बघा.

तरीही गप्प बसले तर १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइनशी जोडून घेतलेल्या कंपन्यांकडे तक्रार थेट जाते. मात्र हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पाठपुरावा करते. तिकडे 'चौकशी' म्हणू नका. "तीन मेल करूनही उत्तर नाही, तिकीट परस्पर बंद केलं" असं सांगा, ही तक्रारच झाली. तिकीट नंबर जवळ ठेवा.

आणि मंच आता राहिला नाही, २०१९ च्या कायद्यानं त्याचा जिल्हा आयोग झाला. पण एका रबरासाठी तिथवर जायचं माझ्या मते तरी काही कारण नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. कॉलचं अगदी खरं निघालं: तिकीट बंद झालं त्याच दिवशी दुपारी एकाच नंबरचे दोन मिस्ड कॉल आहेत. मी लोनवाले समजून सोडून दिले होते. चार ओळींचा मेल आत्ता तळातल्या पत्त्यावर टाकलाय. आठवडाभर वाट बघतो, मग १९१५.

एक शंका राहिली. तिखट मेलमध्ये मी "कोर्टात खेचीन" असं लिहिलं होतं. त्यामुळे आता मुद्दाम गप्प बसतील का? की त्याबद्दल नव्या मेलमध्ये एक ओळ लिहायला हवी होती?