वापरलेली बॅट आणि सामन्यातला फोटो: ताडून पाहायला कोणतं सॉफ्टवेअर?

कव्हरड्राइव्ह
‘प्रत्यक्ष सामन्यात वापरलेली’ म्हणून विक्रीला असलेल्या एका सही केलेल्या बॅटचे फोटो तपासायचे आहेत. विक्रेत्याने पूर्ण बॅटचे २ जेपेग दिलेत, लांबी १६०० पिक्सेल. सामन्यातला फोटो वेबवरचा, १०२४ पिक्सेल रुंद. लाकडाचे ग्रेन (पात्यावरच्या उभ्या रेषा), टोजवळची (पात्याच्या खालच्या टोकाजवळची) एक गाठ आणि सही एवढं ताडायचं आहे. विंडोज १०, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. इरफानव्ह्यू, जिम्प की एआयने फोटो मोठा करणारं एखादं? फुकट असेल तर उत्तम.

पिक्सेलपंत
सॉफ्टवेअर नंतर. आधी पिक्सेल मोजा, कारण बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

पात्याची रुंदी नियमानुसार जास्तीत जास्त १०.८ सेमी. समजा मूळ फोटो ४००० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात पातं ६० पिक्सेल भरतं. म्हणजे एका पिक्सेलमागे १.८ मिमी. पात्यावर १० ग्रेन असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ६ पिक्सेल, त्यात काम होतं. तोच फोटो १०२४ वर आणला की पातं उरतं १५ पिक्सेलचं आणि ग्रेनला मिळतो दीड. दोन रेषा वेगळ्या दिसायला किमान २ लागतात, व्यवहारात ३-४. तुमच्या फोटोतही पात्याची रुंदी अशीच भरत असेल, तर ग्रेन त्यात नाहीतच. कुठलंही सॉफ्टवेअर ते बाहेर काढू शकत नाही.

एआयवाली साधनं इथेच घात करतात. अपस्केल असो वा गिगापिक्सेल, विलोचे (बॅटच्या लाकडाचे) ग्रेन कसे असतात हे त्यांना ‘माहीत’ असतं, म्हणून ती नवे, सुबक ग्रेन रंगवून देतात. भिंतीवर लावायच्या पोस्टरला छान, पुराव्याला शून्य. मोबाइलचा डिजिटल झूमही थोड्याफार प्रमाणात हेच करतो.

तेव्हा पहिलं काम: फोटो एजन्सीकडून त्या फोटोची मोठी प्रत मिळवणं. बॅटचे फोटोही नव्याने मागवा, व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून. आणि ३ मीटर लांबून टेलिफोटो लेन्सने काढलेले. सामन्यातला फोटो मैदानाबाहेरून काढलेला असतो. जवळून वाइड लेन्सने काढलेल्या बॅटचा आकार त्याच्याशी जुळणार नाही.

गिम्पकर
पंतांशी सहमत. मोठी प्रत मिळाली असं धरून पुढचं.

शेजारी-शेजारी पाहायला फास्टस्टोन इमेज व्ह्यूअर, घरगुती वापराला फुकट. ४ पर्यंत फोटो एकत्र उघडतो आणि एकात झूम केलं की बाकीचेही तेवढेच सरकतात. मॅक किंवा लिनक्स असेल तर एक्सएनव्ह्यू एमपी. इरफानव्ह्यू एकेक फोटो पाहायला झकास, तुलनेला अपुरा.

एकावर एक ठेवायला जिम्प:
१. ‘ओपन ॲज लेयर्स’ने दोन्ही फोटो एका फाइलमध्ये घ्या. सामन्यातला फोटो खाली, तो हलवायचा नाही.
२. मोठं करायचं तर ‘स्केल’मध्ये इंटरपोलेशन ‘नन’ ठेवा, खरे पिक्सेल चौकोनी दिसतील. डोळ्याला त्रास झाला तर ‘क्युबिक’.
३. वरच्या लेयरची अपारदर्शकता ५० टक्के करा आणि ‘पर्स्पेक्टिव्ह’ने पात्याचे दोन खांदे आणि टोची दोन टोकं जुळवा. चारच बिंदू!
४. वरच्या लेयरपुढचं डोळ्याचं चिन्ह चालू-बंद करत राहा. ‘डिफरन्स’ मोडपेक्षा यात फरक लवकर कळतो, कारण दोन फोटोंतला प्रकाश वेगळा असतो आणि डिफरन्समध्ये तोच उजळून दिसतो.
५. पीएनजी किंवा टिफमध्ये जतन करा. जेपेग पुन्हा जतन केला की ८×८ पिक्सेलचे चौकोन नव्याने दाबले जातात आणि त्यांच्या कडा ग्रेनसारख्या भासू लागतात.

जिम्पमधली वार्प किंवा केज ही चित्र वाकवणारी साधनं घेऊन वीस ठिकाणी ओढाताण केली तर कुठलीही बॅट कुठल्याही बॅटशी जुळते. चार बिंदूंनी बसवायची आणि न वापरलेल्या खुणा आपोआप बसतात का ते पाहायचं.

कव्हरड्राइव्ह
आणि चारही टोकं जुळली, पण गाठ ५-६ मिमी बाजूला राहिली तर? बॅट वेगळी समजायची का?

विलोवाला
लगेच नाही. टोची टोकं गोलसर आणि झिजलेली असतात, त्यामुळे तिथे बिंदू हमखास चुकतो. पात्याला बाकही असतो. सगळ्याच खुणा टोकडे जाताना हळूहळू एका दिशेला सरकत असतील तर चूक बसवण्यात आहे. हँडलच्या सांध्याचं व्ही आकाराचं टोक दिसत असेल तर तो बिंदू जास्त भरवशाचा. पण फोटोत गाठ तिसऱ्या-चौथ्या ग्रेनच्या मध्ये असेल आणि हातातल्या बॅटवर चौथ्या-पाचव्याच्या, तर विषय संपला. कोनामुळे अंतर बदलतं, क्रम बदलत नाही. फक्त फोटो आडवा उलटा छापलेला नाही ना, हे आधी बघा.

स्टिकरला फार किंमत देऊ नका, ते बदलले जातात. चेंडूचे लाल डाग पुसले जातात. खोल खड्डे मात्र बोलतात, तेही एकाच बाजूने: बॅटवर आहेत पण फोटोत नाहीत, तर ते नंतर पडले असतील, फोटोत आहेत आणि बॅटवर नाहीत, तर शंका घ्या. घासकाम झालेलं असेल तर उथळ खुणा जातात, हे सोडून.

सहीसाठी हे फोटो निरुपयोगी आहेत. १६०० पिक्सेलमध्ये पूर्ण बॅट म्हणजे पिक्सेलला ०.६ मिमी, आणि मार्करची रेघ जेमतेम १ मिमीची असली तर दोन पिक्सेलही नाहीत. १० सेमी भाग ३००० पिक्सेलमध्ये येईल असा क्लोजअप मागवा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. उघड्या लाकडावर शाई ग्रेनच्या दिशेने किंचित पसरते. छापील सहीत ठिपके दिसतात. आणि जिम्पमध्ये ती एखाद्या माहीत असलेल्या सहीवर तंतोतंत बसली तर खूश होऊ नका. माणूस दोनदा अगदी तशीच सही करत नाही, नक्कल करणारं यंत्र करतं.