अनुभव धागा: गेमिंग पीसीसाठी मदरबोर्ड निवडताना

निवांत_सातारा

काल भाच्याचा फोन आला. बारावी झाली, घरातून पीसीला परवानगी मिळाली, प्रोसेसर ठरला, ग्राफिक्स कार्ड ठरलं. मग म्हणतो, "मामा, बोर्ड कुठलाही चालतो ना?" तेव्हा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरचे (कॉम्प्युटर मालाचा बाजार) एक दुकानदार काका आठवले. २०१९ मध्ये मी रायझन ५ २६०० प्रोसेसर घेत होतो आणि सोबत सगळ्यात स्वस्त ए३२० बोर्ड मागितला. त्यांनी तो बाजूला सारून त्याच्या वरचा बी४५० बोर्ड पुढे ठेवला. "आत्ता थोडे जास्त जातील, पण पुढच्या वेळी नुसता प्रोसेसर बदलशील." २०२४ मध्ये त्याच बोर्डवर बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करून नवा ५७००एक्स३डी प्रोसेसर बसवला. रॅम तीच, कॅबिनेट तेच.

माझं ठाम मत: सगळी खरेदी झाल्यावर उरलेल्या पैशात बोर्ड बसवू नये. आधी सॉकेटला (प्रोसेसर बसतो ती जागा) पुढे किती आयुष्य आहे ते बघा, मग व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग), मग स्लॉट (रॅम, कार्ड लावायच्या खाचा). लाइटिंग सगळ्यात शेवटी. आपापले अनुभव लिहा, पोराला हा धागाच वाचायला देणार आहे.

गेमाडपंथी

काकांना दंडवत. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ पासून प्रोसेसरच्या किती पिढ्या निघाल्या बघा. ५८००एक्स३डी २०२२ मध्ये आला तोही त्याच सॉकेटवर.
भाच्याला एक सांगा, सॉकेटचं नाव जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. इंटेलच्या एलजीए ११५१ या एकाच सॉकेटच्या नावाने प्रोसेसरची सहावी-सातवी पिढी एका बोर्डवर आणि आठवी-नववी दुसऱ्या बोर्डवर चालते. सेकंडहँड घेणाऱ्यांनी कंपनीच्या साइटवर त्या बोर्डची सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडायचीच. प्रोसेसरच्या नावापुढे बायोस व्हर्जन लिहिलेली असते, तीही बघायची.

टिकलीची_आई

कुकर होईपर्यंत लिहिते. लेकाचा पीसी दुकानातूनच जोडून आणला होता. गेम मधेच अडकायचा, तो म्हणे कार्ड बदलूया. मी बोर्डचं पुस्तक काढून बसले. त्यात चित्र आहे, दोनच रॅम असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घाला. आमच्या शेजारीशेजारी होत्या, म्हणजे सिंगल चॅनल, दोन्ही रॅम एकाच वाटेवर. काढून नीट घातल्या, अंगठ्याने दाबल्यावर क्लिपचा कट्ट आवाज आला पाहिजे. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू केलं. तोवर ३२०० ची रॅम २४०० वर चालत होती! कार्डाचे पैसे वाचले. झाली शिट्टी, पळते.

चहाबाज

टिकलीच्या आई, तुम्ही आमच्या गल्लीत राहायला या. इथे सगळे थेट फॉरमॅट मारतात.

संत्रानगरी

व्हीआरएमवर नागपूरकराने बोललंच पाहिजे. व्हीआरएम म्हणजे प्रोसेसरला लागणारा कमी व्होल्टचा करंट बनवणारा भाग, सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या बाजूला छोटे काळे चौकोन दिसतात ते. चांगल्या बोर्डवर त्यांच्यावर अॅल्युमिनियमचा हीटसिंक असतो, स्वस्तात उघडे.
धाकट्या भावाकडे आय७ १२७०० प्रोसेसर आणि स्वस्तातला एच६१० बोर्ड. डब्यावर ६५ वॅट लिहिलंय, पण टर्बोत, म्हणजे जोरात धावताना, तो १८० पर्यंत मागतो. मे महिना, बाहेर ४५, खोलीत डेझर्ट कूलर. पहिली पंधरा-वीस मिनिटं गेम मस्त, मग एकदम चिखलातून चालल्यासारखा. प्रोसेसरचं तापमान ठीक! एचडब्ल्यूइन्फो (तापमान-वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, निम्म्यावर आलेला. प्रोसेसर गार होता, त्याला पुरवठा करणारा भाग तापत होता. बायोसमध्ये पॉवर लिमिट खाली आणली, व्हीआरएमवर एक छोटा पंखा झिपटायने बांधला, तेव्हा थांबलं.
आय३ किंवा साधा आय५ असेल तर एच६१० चालून जातो. वरचा प्रोसेसर घेणार असाल तर हीटसिंकवाला बी७६० घ्या. विदर्भ, मराठवाडा, खानदेशवाल्यांनी तर यात काटकसर करूच नका.

भुसावळ_जंक्शन

खानदेशची आठवण काढल्याबद्दल धन्यवाद भाऊ. आमच्याकडे पीसीला माणसाआधी कूलर लागतो.

रत्नांग्री

आमचा शत्रू वेगळा, दमट हवा. मागच्या पोर्टांवर हिरवट थर चढतो, स्क्रू गंजतात. जूनपासून पीसी रोज तासभर तरी चालू ठेवतो, आणि वापरात नसलेल्या पोर्टांना रबरी टोपणं लावतो.
बोर्डाचं म्हणाल तर आधी अर्थिंग तपासा. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. वायरमनला बोलावलं तर सॉकेटची तिसरी पिन कशालाच जोडलेली नव्हती. नवीन अर्थिंग करून घेतलं. ज्या घरात अर्थिंग नाही तिथे महागातला बोर्ड घेऊन काय करणार?

चहाबाज

+१ अर्थिंगला. रत्नांग्री, यंदा आंबा कसा आहे?

रत्नांग्री

मोहोर दोनदा गळला. पेटीचं विचारू नका.

माऊ_कोथरूड

कोणी सांगेल का, बी७६० बोर्डवर माझी जुनी डीडीआर४ रॅम चालेल का? दुकानदार हो म्हणतो, मित्र नाही म्हणतो.

गेमाडपंथी

दोघेही बरोबर. बी७६० चे डीडीआर४ वाले आणि डीडीआर५ वाले बोर्ड वेगवेगळे येतात. एका बोर्डवर एकच प्रकार, खाचेची जागाच वेगळी असते. मॉडेलच्या नावात डी४ आहे का बघ. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर मात्र फक्त डीडीआर५.

पारनेरी

माझ्याकडे १६ जीबी डीडीआर४ ची जोडी पडून आहे, कुणाला हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अनुजा_मिरज

ताईच्या लग्नाचे सगळे फोटो जुन्या हार्ड डिस्कवर. भावाने गेमसाठी दुसरी एनव्हीएमई एसएसडी बसवली आणि हार्ड डिस्क गायब. घरात सुतक. आई त्याच्याशी बोलेना. मग मॅन्युअलमध्ये स्लॉटच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात सापडलं: दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडीची खाच) वापरला की साटा ५ आणि ६ (हार्ड डिस्कच्या केबलचे पोर्ट) बंद होतात. केबल १ नंबरला लावली, फोटो हजर. बोर्ड घेण्याआधी पीडीएफ मॅन्युअल डाउनलोड करून हा तक्ता वाचाच. किती ड्राइव्ह एका वेळी चालतील ते तिथेच कळतं.

टिकलीची_आई

बाई गं, ते फोटो आधी दुसरीकडे कॉपी करून ठेव! आजच!!

अनुजा_मिरज

झाले काकू, दोन ठिकाणी.

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत मायक्रो सेंटर नावाच्या दुकानात प्रोसेसर, बोर्ड, रॅम असं एकत्र पॅकेज स्वस्तात मिळतं. मागच्या दिवाळीत भावासाठी बोर्ड बॅगेतून नेला. सहा महिन्यांनी लॅन पोर्ट गेला, तर तिथलं सर्व्हिस सेंटर म्हणे भारतात घेतलेल्याच मालाला वॉरंटी. इथून नेण्यापूर्वी वॉरंटी कुठे लागू आहे ते लेखी विचारा. भावाला बोर्ड देऊन रिकामं बसवणं फार जिवाला लागलं.

पारनेरी

वॉरंटीवरून आठवलं. नवीन बोर्डच्या सॉकेटवर काळी प्लास्टिकची टोपी येते, ती फेकू नका, डब्यात ठेवा. आता इंटेल आणि एएम५ दोन्हीत पिना बोर्डवर असतात. केसाएवढ्या बारीक. एक वाकली तरी फिजिकल डॅमेज म्हणून क्लेम परत येतो, आणि टोपीशिवाय पाठवला तर वाटेत वाकायची भीती. बिल देताना दुकानदारासमोर टोपी उचलून मोबाइलच्या टॉर्चमध्ये पिनांचा फोटो काढा. लाजायचं नाही.

निवांत_सातारा

हे सोन्यासारखं आहे, भाच्याला लगेच पाठवतो.
त्याचं असं ठरतंय: रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० कार्ड. बोर्ड ए६२० घ्यावा की बी६५०?

गेमाडपंथी

कार्डापुरता ए६२० पुरतो, तिथेही ग्राफिक्स स्लॉट पीसीआयई ४.० आहे, म्हणजे या कार्डाला हवा तो वेग मिळतो. पण तुमच्या काकांचाच न्याय लावा. एएम५ वर अजून प्रोसेसर येत राहणार, एएमडीने २०२७ च्या पुढेपर्यंत सांगितलंय. पोरगा पुढे आठ कोरचा एक्स३डी प्रोसेसर टाकेल. चांगल्या हीटसिंकचा मायक्रो एटीएक्स (लहान आकाराचा) बी६५० घ्या, चार रॅम स्लॉट, दोन एम.२, आणि मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला.

माऊ_कोथरूड

फ्लॅशबॅक म्हणजे?

गेमाडपंथी

प्रोसेसर न बसवताही बायोस बदलता येतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ ला फॉरमॅट करायचा, मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव फाइलला द्यायचं, ठरलेल्या यूएसबी पोर्टात घालून बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. लाइट जाण्याची वेळ टाळा किंवा यूपीएसवर करा. बोर्ड गोदामात पडून जुना झाला आणि प्रोसेसर नवा असला तर हेच बटण वाचवतं.

संत्रानगरी

वाय-फायवाला घ्या मामा. होस्टेलला गेला की लॅनची वायर कुठून आणेल? आणि व्हॅलोरंट खेळत असेल तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (सुरक्षेच्या सेटिंग) चालू लागतं, दोन्ही बायोसमध्ये आहेत. दुकानात जोडून घेतलात तर तिथेच करून घ्या.

चहाबाज

लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर रविवार नको, बहुतेक दुकानं बंद असतात. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जा, गाडी लावायला जागा मिळत नाही.

पारनेरी

आणि घरी जोडणार असाल तर डीडीआर५ ला पहिल्या वेळी चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत असतो. बोर्डवर डीरॅम लिहिलेला दिवा लागलेला दिसेल. घाबरून बटण बंद करू नये, दहा-पंधरा मिनिटं द्यावीत. माऊ, तुझा व्यनि मिळाला, रॅम ३२०० ची आहे, बिलासकट देतो.