पालिकेच्या मेडिकल कॉलेजमध्ये हर्नियाचं ऑपरेशन: नेमका डॉक्टर कोण?

परळकर_पी: वडील 62 वर्षांचे, उजव्या जांघेत हर्निया, मधुमेह आहे. मुंबईत पालिकेच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ऑपरेशन करायचं म्हणतोय. तिथे दर खेपेला वेगळा डॉक्टर तपासतो आणि विद्यार्थीच ऑपरेशन करतात असं ऐकलं. मग जबाबदार कोण? तारीख पुढे जाऊ नये म्हणून काय करावं?

टाका_दोरा: डॉक्टरच्या नावामागे लागू नका, युनिट धरा. सर्जरी विभागात अनेक युनिट, म्हणजे डॉक्टरांचे गट असतात. प्रत्येकाचा ओपीडीचा, ऑपरेशनचा आणि इमर्जन्सीचा वार ठरलेला. युनिटचे प्रमुख प्रोफेसर, खाली असोसिएट, असिस्टंट आणि रेसिडेंट, म्हणजे एमबीबीएसनंतर तीन वर्षं सर्जरी शिकणारे डॉक्टर. पहिल्या वर्षाचा हाऊसमन केसपेपर लिहितो, रक्त काढतो, रिपोर्ट गोळा करतो. वरच्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे रजिस्ट्रार, तपासून पुढचं ठरवतो आणि सरांना दाखवतो. पोस्टिंग बदललं की चेहरे बदलतात, जबाबदारी युनिट प्रमुखाचीच राहते. केसपेपरवर युनिट आणि वार लिहिलेला असतो, त्याच वारी जा. भलत्या वारी गेलात तर समोर दुसरं युनिट असतं आणि बहुधा परत पाठवतात.

एमबीबीएसचे विद्यार्थी माहिती विचारतात, तपासतात, बस्स. नको असेल तर नाही म्हणा, उपचार अडत नाहीत. रेसिडेंट हा नोंदणीकृत डॉक्टर असतो. हर्निया तो करतो ते सीनियरच्या देखरेखीखाली. या रुग्णालयांचा पायाच शिकवण्याचा आहे. परळचं केईएम रुग्णालय 1926 साली सुरू झालं ते शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजला जोडूनच, आणि देणगीदारांची अट होती की तिथले डॉक्टर-प्राध्यापक भारतीयच हवेत.

भूल_विभाग: तारीख बहुतेकदा फिटनेसवर, म्हणजे पेशंट भूल द्यायला योग्य आहे या शेऱ्यावर अडते. साखर, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ईसीजी, छातीचा एक्स-रे, लागल्यास टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), सगळं आधी करून भूलतज्ज्ञांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, मनाने बंद करू नका. ऑपरेशनच्या आधी 6 तास घन अन्न आणि दूध बंद. 'नुसता अर्धा कप चहा' दिला म्हणून टेबलावरून परत गेलेले पेशंट कमी नाहीत. दुधाचा चहा पोटासाठी जेवणातच मोडतो. आणि एखादी गंभीर केस आली तर तुमची पुढे ढकलली जाणारच, तो कोणाचा दोष नाही.

परळकर_पी: मधुमेहाच्या गोळ्या? आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मोफत होईल का?

भूल_विभाग: गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साधारण 3 दिवस आधी थांबवतात, नाहीतर उपाशीपोटी रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढतात, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. मेटफॉर्मिन सहसा त्या दिवशी सकाळी देत नाहीत. अंतिम शब्द तपासणाऱ्या भूलतज्ज्ञांचा.

टाका_दोरा: योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाकडे जा. ही शस्त्रक्रिया तिथे योजनेत बसते का हे आधी विचारा. ठरलेल्या ऑपरेशनला मंजुरी आधी लागते, मागाहून धावाधाव उपयोगाची नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. गाठ कडक झाली, दुखू लागली, झोपल्यावरही आत जाईना किंवा उलट्या सुरू झाल्या, तर युनिटच्या वाराची वाट पाहू नका. आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टीत न्या. त्या दिवशी ज्या युनिटची इमर्जन्सी असेल ते बघेल.