चावट सिनेमे: तुम्ही नेमके कशाला हसलात?

चहाटळ
असले सिनेमे आपण पाहतो हे चारचौघांत कोणी कबूल करत नाही, तरी ते चालतात. म्हणजे पाहतंय कोणीतरी. कुठला आवडला, कोणाबरोबर पाहिलात आणि हसू कशाचं आलं, तेवढं मोकळेपणाने लिहा. 'छी' लिहायचं असेल तर कारणासकट.

सुरुवात माझ्यापासून. 'सुपरबॅड' (२००७) पुण्यात हॉस्टेलवर पाहिला, एका लॅपटॉपभोवती सात जण. शाळा संपत आलेली दोन पोरं, पार्टीसाठी दारू मिळवायची खटपट, आणि तोंडाला अजिबात लगाम नाही. सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग यांनी हे १३ वर्षांचे असताना लिहायला घेतलं होतं. नायकांना नावंही स्वतःचीच दिली. ते जाणवतं. ज्याला कशाचाच अनुभव नाही तोच इतकं ठासून बोलतो. आम्ही सातही जण त्याच पंथातले. शेवटी शेवटी ते दोघं शेजारी शेजारी झोपून एकमेकांवर किती जीव आहे ते सांगून टाकतात, तेव्हा खोलीत कोणी कोणाकडे बघेना. मग एकाने विचारलं, "चहा कोण टाकतंय?"

पिंपभर पाणी
माझा किस्सा २०११ चा, 'देल्ही बेली'चा. बाबांनी पेपरात वाचलं, दिग्दर्शक अभिनय देव. "अगं, रमेश-सीमा देवांचा मुलगा! घरचाच सिनेमा." आई लगेच साडी बदलायला गेली. मी म्हटलं, बाबा, 'ए' सर्टिफिकेट आहे. ते म्हणाले, "मग? आम्ही अठराचे नाही का झालो अजून?"

ठाण्यातलं थिएटर, मधल्या रांगेत आम्ही तिघं. पहिल्या दहा मिनिटांत मी खुर्चीत इतका खाली सरकलो की पडदा दिसेना. शिव्या सुरू झाल्या तशी आईने पर्स उघडून गोळ्या शोधायला घेतल्या आणि मध्यंतरापर्यंत शोधतच होती. बाबा ढिम्म. मग रस्त्यावरची तंदुरी कोंबडी खाऊन एकाचं पोट बिघडतं आणि घरात पाणी नसतं. बाबा फुटले! उभा जन्म पहाटे चारला उठून पिंपं भरण्यात गेलेला माणूस तो. हिऱ्यांऐवजी तपासणीचा नमुना गुंडाच्या टेबलावर पोचला तोवर ते डोळे पुसत होते.

बाहेर आल्यावर आई एवढंच म्हणाली, "सीमाबाईंनी बघितला असेल का हो?"

नाइट ड्यूटी
'ब्राइड्समेड्स', तोही २०११ चाच. जावेबरोबर पाहिला, फोनवर, एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. मी नर्स आहे, उलट्या-जुलाबांचं मला कौतुक असायचं कारण नाही. पण ते लग्नाच्या कपड्यांचं झुळझुळीत दुकान, सगळ्यांना जेवण बाधलेलं, आणि ते हॉटेल निवडलेलं नायिकेने. हे कबूल करायचं नाही म्हणून ती घामाने निथळत, त्या श्रीमंत मैत्रिणीच्या डोळ्याला डोळा भिडवून एक बदाम चावते. बस्स, तिथे आम्ही दोघी गेलो. रुखवतापाशी दोन विहिणी अशाच हसतमुखाने लढतात की!

पटकथा क्रिस्टन विग आणि ॲनी मुमोलो या दोघींची. तिला ऑस्करचं नामांकनही होतं. पुरुषाने लिहिला असता तर बदाम सुचला नसता, असं आपलं माझं मत.

गुळगुळीत
'द फॉर्टी इयर ओल्ड व्हर्जिन' (२००५). छातीचं वॅक्सिंग. स्टीव्ह कॅरेलचे केस खरे, पट्ट्या खऱ्या, ओरडणं खरं. पुन्हा घेता येणार नाही म्हणून एकदम पाच कॅमेरे लावले होते. बाकी सिनेमा विसरलो.

दोन ओळी
मी सबटायटल करते. इंग्रजीत शिवी दर वाक्यात आली तरी हवेत विरते, तीच मराठीत लिहिली की पडद्यावर धोंडा पडल्यासारखी पडते. म्हणून दहातल्या आठ गाळते. घाबरलेल्याच्या तोंडची ठेवते, फुशारकीतली आधी उडवते. 'च्यायला' सोन्यासारखा शब्द आहे: राग, कौतुक, भीती, तिन्हीला चालतो. काही सिनेमे मात्र असे येतात की शिव्या काढल्यावर खाली काहीच उरत नाही. त्यांचे पैसेही तेवढेच मिळतात, म्हणून करते.

मी हसले नाही
'अमेरिकन पाय' (१९९९) कॉलेजात हसत हसत पाहिला होता. परवा पुन्हा लावला. परदेशातून शिकायला आलेली मुलगी कपडे बदलते आणि ते तिच्या नकळत वेबकॅमवरून सगळ्यांना दिसतं. शेवटी तिलाच मायदेशी पाठवतात. मुलाची फजिती अजूनही विनोदी आहे, त्याचे बाबा तर फारच. पण त्या मुलीची बाजू कोणाला आठवलीच नाही, मलाही तेव्हा नाही.

चहाटळ
@मी हसले नाही, मान्य. तो प्रसंग मलाही आता पुढे ढकलावा लागतो.

तंबूतला
तुमचं सगळं इंग्रजी चाललंय म्हणून आमचं जरा जुनं. जत्रेतला तंबू, पडद्यावर दादा कोंडके, ढगळ अर्धी चड्डी आणि लोंबणारी नाडी. सिनेमा 'पांडू हवालदार', १९७५ चा. दिग्दर्शक म्हणून दादांचा पहिलाच. मी दहा-अकराचा असेन. दादांचा चेहरा इतका भाबडा की वाक्याचा दुसरा अर्थ त्या माणसाच्या गावीही नाही असं वाटायचं. अर्थ लावणार प्रेक्षक, आणि लाजणारही तोच. तमाशातला सोंगाड्या बतावणीत हेच करत आला. नऊ रौप्यमहोत्सवी सिनेमांसाठी गिनीज बुकात नाव गेलं ते काही उगाच नाही.

मला अर्ध्याहून जास्त कळत नव्हतं. शेजारी आत्या होती, सोवळ्याओवळ्याची, घरात मोठ्याने कधी हसली नाही. एका वाक्याला तिने पदर तोंडात कोंबला आणि गदागदा हलायला लागली. मी घाबरलो. "आत्या, काय झालं गं?"

"काही नाही," ती म्हणाली, "ठसका लागला. तू समोर बघू नकोस."