गलबताच्या मॉडेलसाठी दिवा कुठला, भिंग किती पटीचं?

गलबत_मालवण: 1:72 चं, म्हणजे खऱ्याच्या 72 पट लहान गलबत रंगवतोय. खलाशी जेमतेम 24 मिलिमीटरचे. रात्री ट्यूबखाली जुळवलेला सागवानी रंग सकाळी उन्हात हिरवट दिसतो. दिवा बदलू की भिंग घेऊ?

रंगपेटी: आधी दिवा. साध्या ट्यूबमध्ये लाल छटा कमी पडते, म्हणून तपकिरी रंग फसवतो. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वर आणि 5000 केल्विन (उजेडाची छटा) लिहिलेलं बघा. नुसता ‘डेलाइट’ शब्द पुरेसा नाही, तो 6500 चा निळसर असतो. एकच दिवा असेल तर ब्रशची सावली नेमकी टोकावर पडते. दोन घ्या, डावी-उजवीकडे, मॉडेलपासून 40 सेंटिमीटरवर. दुधी काच हवीच, नाहीतर ओला रंग चमकतो आणि थर किती जाड बसला ते कळत नाही.

सावंतवाडी_गंजिफा: भिंग डोक्याला लावायचं, 1.75 पटीचं. त्यात काम साधारण 33 सेंटिमीटरवर राहतं. 2.5 पटीला अंतर 20 वर येतं, ते फक्त डोळे-मिशांपुरतं. 3.5 घेऊ नका, ब्रशची दांडी भिंगाला आपटते. चष्मा असेल तर तो घालूनच वापरा. प्लास्टिकचं भिंग थिनरने पुसलंत तर तडे जातात. साबणाचं पाणी पुरे.

रंगपेटी: आणि पावसाळ्यात भिंग हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवा. आपल्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते, मग ती पूर्ण निघत नाही.