बिली सिंगचं नाव राहिलं

पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या (तुर्कस्तानातली लढाई) चर्चेत बिली सिंग या ऑस्ट्रेलियन सैनिकाचं नाव राहून जातं, ते यायलाच हवं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या क्लेरमाँटचा हा माणूस, वडील चिनी, आई इंग्रज. गुरं राखणं, ऊसतोडणी अशी कामं करायचा; कांगारूंच्या शिकारीत नेम पक्का झालेला. बिगर-युरोपीय वंशाच्यांना सैन्यात घ्यायचं नाही असा तेव्हा नियम होता, तरी १९१४ मध्ये तो ५व्या लाइट हॉर्स या घोडेस्वार पलटणीत भरती झाला. घोडे इजिप्तमध्येच ठेवून ही पलटण गॅलिपोलीला पायदळ म्हणून लढली. तिथे स्नायपर म्हणून त्याच्या नावावर दीडशेच्या आसपास बळी नोंदले गेले. पुढे फ्रान्स-बेल्जियमची आघाडी, जखमा, पदकं. आणि १९४३ मध्ये ब्रिस्बेनच्या एका भाड्याच्या खोलीत कफल्लक अवस्थेत, एकट्यानं मरण. मला त्या आकड्यापेक्षा हेच जास्त छळतं.